‘चालली’ आणि ‘चालते’

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. तेव्हा मोटार बसवलेल्या सायकलीवर मी लिहावं हे काही वाचकांना आगाऊपणाचं वाटेल. वाटू दे. पण या विषयाच्या मुळाशी एक व्याकरणाचा प्रश्न आहे आणि तो माझ्या हद्दीतला आहे. ‘सायकल चालली’ आणि ‘सायकल चालते’ या दोन वाक्यांत फरक काय? पहिला भूतकाळ. एकदा घडलं आणि संपलं. दुसरा वर्तमानकाळ, पण नेहमीचं, रीतीचं सांगणारा. सूर्य पूर्वेला उगवतो, गाय गवत खाते, तसं. आपल्याकडे हल्ली सगळा गोंधळ असा आहे की एखादी गोष्ट एकदा चालली की लगेच ती चालते असं जाहीर करून टाकतात, आणि वर हार घालतात!

गेल्या डिसेंबरात एका वर्तमानपत्रात आमच्या शेजारच्या मुलाचा फोटो आला. नववीतला पोरगा. त्याने जुन्या सायकलला बॅटरी आणि मोटार बसवली, विज्ञान प्रदर्शनात ठेवली, बक्षीस मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. मथळ्यात ‘जुगाड’ होतं, ‘बालवैज्ञानिक’ होतं, आणि खाली ठळक अक्षरात होतं की ही सायकल एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर धावते. धावते! आता गंमत अशी की त्या सायकलीच्या चाचण्यांची वही माझ्याकडे आहे. त्यात पोराच्याच अक्षरात १९.२ किलोमीटर असं लिहिलेलं आहे. प्रदर्शनातल्या पुठ्ठ्यावरही त्याने तोच आकडा लिहिला होता. मग ८० आले कुठून? व्यासपीठावरच्या कुणीतरी भाषणात ठोकून दिले, ते बातमीदाराने उतरवून घेतले. पुठ्ठा कुणी वाचलाच नाही.

मंडळी, हे ८० किलोमीटर खोटे आहेत हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही. सातवीचं गणित पुरतं. सायकलीवर १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आहेत, एकामागे एक जोडलेल्या. म्हणजे ३६ व्होल्ट. प्रत्येक बॅटरी १२ अँपिअर-तासांची. ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ वॅट-तास. ही झाली टाकीतली एकूण वीज. यातली सगळी काही हाती लागत नाही. शिशाच्या बॅटरीतून तास-दीड तासात वीज उपसली तर पावणेतीनशेच्या आसपास मिळाली तरी नशीब. अशी जड सायकल, वर माणूस, पायडल न मारता, कच्च्या वाटेवर दर किलोमीटरला बारा ते पंधरा वॅट-तास खाते. करा भागाकार. वीसच्या आसपास येतं की नाही? ८० यायला किलोमीटरला जेमतेम साडेपाच वॅट-तास हवेत, तेही बॅटरीचा शेवटचा थेंब पिळून. पुढच्या वेळी पेपरात अशी बातमी वाचलीत तर व्होल्ट आणि अँपिअर-तास शोधा आणि गुणाकार करा. आकडे दिलेलेच नसतील तर बातमी बाजूला ठेवून चहा प्या.

आता माझा यात संबंध कसा आला ते सांगतो. पोराच्या मनात मुळात गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल इंजिन बसवायचं होतं, ५२ सीसीचं. मोबाइलवर त्याने परदेशातले व्हिडिओ पाहिले होते. त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, तुमचं ऐकतो तो. तुम्हीच सांगा काहीतरी.” मी नको म्हणालो नाही. नको म्हटलं की पोरं तेच मागच्या दाराने करतात, हे छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून कळलं आहे. आम्ही दोघांनी बसून आधी कायदा वाचला. २५ सीसीपेक्षा मोठं इंजिन लावलं की आपल्या कायद्याच्या दृष्टीने ती सायकल उरत नाही, मोटार वाहन होते. मग नोंदणी आली, विमा आला, लायसन्स आलं. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने असं वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोराने हे दोनदा वाचलं. आईला दाखवू नका म्हणाला. विजेच्या बाबतीत मात्र नियमांत सवलत आहे. मोटार पाव किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला तर ती मोटार वाहनात मोडत नाही. अर्थात तिथेही मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीची अट आहे, म्हणजे घरी बनवून थेट हमरस्त्यावर आणायची मुभा नाहीच. म्हणून आमच्या सगळ्या चाचण्या माझ्या मेव्हण्यांच्या मळ्यातल्या वाटेवर झाल्या. टेपने मोजून सहाशे मीटर सपाट, आणि पुढे ओढ्याकडे उतार. परत येताना अर्थात तोच चढ.

दिवाळीच्या सुट्टीत सायकल जोडून झाली. मागच्या चाकातच बसवलेली मोटार, तिला हब मोटर म्हणतात. आत गियर वगैरे काही नाही. डबल स्टँडवर उभी करून पोराने हळूच ॲक्सिलरेटर पिळला. चाक जरा अडखळलं, त्याने हाताने ढकलताच फिरू लागलं. आळीतली माणसं जमली, टाळ्या झाल्या, कुणीतरी पेढेसुद्धा आणले. मग सायकल खाली उतरवली, पोरगा वर बसला, पुन्हा पिळला... आणि मोटार नुसती गुरगुरली. थरथरली, घर्रर्र आवाज आला, जागची हलेना. पेढे तोंडात तसेच राहिले.

इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरं शिक्षण या मिनिटाला सुरू झालं. हवेत फिरणाऱ्या चाकावर काही ओझंच नसतं. हाताने धक्का दिला की लंगडी मोटारसुद्धा गरगर फिरते. जमिनीवर टेकून माणूस वर बसला की तिचं लंगडेपण उघडं पडतं. या मोटारीला तीन जाड तारा असतात, पिवळी, हिरवी आणि निळी. तिघींनी आळीपाळीने जोर लावायचा असतो. एकीने दांडी मारली की जातं हलतं पण फिरत नाही. कुठली दांडी मारते आहे हे कसं कळणार? पोराने एक युक्ती वाचून काढली, आणि तिला एक पैशाचं उपकरण लागत नाही. कंट्रोलर सोडवून ठेवायचा. कुठल्याही दोन तारांची टोकं एकमेकींना जोडायची आणि चाक हाताने फिरवायचं. दोन्ही तारा धड असतील तर चाक जड लागतं, कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. पिवळी-हिरवी जोडली, चाक जड. पिवळी-निळी जोडली, हलकं. हिरवी-निळी, पुन्हा हलकं. म्हणजे चोर निळी! तिचं टोक उघडून पाहिलं तर लगमध्ये तांब्याच्या तारेऐवजी वरचं प्लॅस्टिकच दाबलं गेलं होतं. सोलून, दाबून, वर सोल्डरचा थेंब दिला. सायकल पहिल्यांदा माणसाला घेऊन दहा पावलं गेली. टाळ्या वाजवायला तेव्हा कुणी नव्हतं.

आता प्रदर्शनात काय झालं ते ऐका. परीक्षक आले. सायकल डबल स्टँडवर होती, कारण हॉलमध्ये चालवायला जागाच नव्हती. “चालू करून दाखव.” चाक हवेत फिरलं. “व्वा!” गुण मांडले, पुढच्या टेबलावर गेले. निळी तार तुटकी असती तरी या परीक्षेत पोरगा पास झालाच असता. नाही का? ज्या परीक्षेत बिघडलेलं यंत्र आणि धड यंत्र यांना सारखेच गुण पडतात तिला परीक्षा म्हणायचं का, हा माझा साधा प्रश्न आहे. तो मी आयोजकांना विचारला तेव्हा उत्तर मिळालं, “सर, मुलांचा उत्साह महत्त्वाचा.”

या उत्साहाच्या युक्तिवादाचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. पोराचा उत्साह कधी वाढला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निळी तार सापडली त्या रात्री तो जेवला नाही, वही घेऊन माझ्याकडे धावत आला. बक्षीस घेताना मात्र त्याचा चेहरा फोटोत पाहा, लग्नात आहेर घेणाऱ्यासारखा. आणि ८० किलोमीटरची बातमी आल्यावर शाळेत पोरांनी “चल, कोल्हापूरला जाऊन ये” म्हणून जी टिंगल केली, त्याने त्याचा उत्साह आठवडाभर पार मेला होता. तो कुणी मारला?

जपानच्या होंडाची गोष्ट शाळाशाळांतून सांगतात. मीही परिपाठात ऐकली आहे. युद्धानंतर १९४६ साली लष्कराच्या वायरलेसची विजेची यंत्रं पडून होती, त्यांची चिमुकली इंजिनं सोइचिरो होंडाने सायकलींना बसवली आणि पुढे मोठा कारखानदार झाला. इथे गोष्ट संपते, टाळ्या. पण मधला भाग कुणी सांगत नाही आणि तोच तर गोड आहे. आधी त्यांनी इंजिन हँडलच्या पुढे बसवून पुढच्या टायरवर घासून चाक फिरवायचा प्रयत्न केला. ते टिकेना. मग इंजिन मधे आणलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरवलं. एवढं झाल्यावर होंडाने काय केलं? बायकोला, साचीबाईंना, सायकलवर बसवून हमामात्सूच्या रस्त्यावर पाठवलं. बाई फिरून आल्या आणि म्हणाल्या, माझे चांगले कपडे तेलाने माखले, हे असं चालायचं नाही. कार्ब्युरेटरमधून इंधन उलटं उडत होतं. होंडाने तो दोष शोधून काढला. पुढच्या वर्षी, १९४७ साली, त्यांनी स्वतःचं पहिलं इंजिन बाजारात आणलं. माझ्या मते ‘हे चालायचं नाही’ असं तोंडावर सांगणारं माणूस घरात असणं हे भांडवलापेक्षा कमी नाही. आपल्याकडे साचीबाईंच्या जागी सत्कार समिती असते.

राइट बंधूंचंही तेच. त्यांच्या सायकलच्या दुकानाचा उल्लेख सगळे करतात. १९०१ साली त्यांचं ग्लायडर हिशेबाप्रमाणे उडेना, तेव्हा त्यांनी सायकलच्या हँडलपुढे एक तिसरं चाक आडवं बसवलं, त्यावर पंखाचा छोटा तुकडा आणि एक सपाट पत्रा लावला आणि रस्त्यावरून जोरात सायकल हाणली. छापील तक्त्यांतले आकडे खरे की खोटे ते स्वतः तपासायला! तेवढ्याने भागेना, म्हणून स्वतःच वाऱ्याचा बोगदा बनवला आणि पंखांचे शे-दोनशे नमुने एकेक करून तपासले. १९०३ साली जे उडालं ते या कंटाळवाण्या कामातून. आणि आपण? १८९५ साली चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं, असं आपण आजही छाती फुगवून सांगतो. तळपदे खटपटी गृहस्थ होते यात शंका नाही. पण किती उंच, किती वेळ, पहिल्या प्रयत्नात काय मोडलं, दुसऱ्यात काय बदललं, याची चाचणीची वही कुणी पुढे ठेवली आहे का? ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा त्यासाठी हवाला देतात, ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ साली तपासलं. त्यातली विमानं उडू शकत नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातलाच, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे लिहिलं की मला पत्रं येतात. येऊ देत.

असो. सायकलकडे वळू.

चालायला लागल्यावर पोराचा पहिला प्रश्न, “सर, किती पळेल?” मी म्हटलं, आधी किती थांबेल ते बघू. सायकल, मोटार, बॅटऱ्या आणि माझ्यासारखा ६२ किलोचा म्हातारा मिळून किराणा दुकानाच्या काट्यावर जवळपास शंभर किलो भरलं. ही जुनी दांडीच्या ब्रेकची सायकल, पायाने पंधराच्या वेगाने जाण्यासाठी बनवलेली. ती पंचवीसने पळवायची म्हणजे चाकाला थांबवायचं काम जवळजवळ तिप्पट. वेग दुप्पट केला तर चौपट. हे पुस्तकात असतंच, पण वाटेवर चुन्याची रेघ मारून पाहिलं तेव्हा पटलं. रेघेवर ब्रेक दाबायचा आणि सायकल थांबली तिथे टेप लावायचा. दहाच्या वेगाला १ मीटर ७०. वीसच्या वेगाला ६ मीटर ४०. मग पोराने तांब्याभर पाणी रिमवर ओतलं आणि पुन्हा तेच. वीसच्या वेगाला १४ मीटर! त्या दिवशी घरी जाताना त्याने ‘किती पळेल’ हा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच ब्रेकची नवी रबरं आणली, चाकाचा आउट काढून घेतला, ब्रेक दाबताच मोटारीची वीज बंद होईल असं बटण हँडलला बसवलं आणि वेग वीसवर बांधून टाकला. मी काही बोललो नव्हतो. टेप बोलला होता.

आणखी एक, कुणी बनवत असेल तर कामाला येईल म्हणून सांगतो. हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आपल्या आसाला तितक्याच जोराने उलटं पिळते. आस चिमट्याच्या खाचेत नुसत्या नटांवर धरलेला असला तर एके दिवशी गर्रकन फिरतो, आणि आसातून बाहेर आलेल्या तारा पिळून तुटतात. वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टी कापून घेऊन आस तिच्यात अडकवावा आणि पट्टी चिमट्याला बांधावी. प्रदर्शनात या पट्टीकडे बोट दाखवून ‘हे काय?’ असं एकाही माणसाने विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, “खर्च किती आला?”

सगळ्यात जास्त करमणूक चढाने केली. सपाटीवर सायकल उत्तम, पण ओढ्याचा चढ अर्धा झाला की मोटार एकदम बंद. अर्धा मिनिट थांबलं की पुन्हा चालू. मग सल्लागारांची रांग लागली. गावातले इलेक्ट्रिशियन म्हणाले, मोटार लहान पडते, पाचशे वॅटची टाका. पोराचे मामा म्हणाले, चायना माल, दुसरं काय होणार. सायकल दुकानवाले म्हणाले, कंट्रोलर गेला. प्रत्येकाच्या आवाजात किती खात्री! मापन मात्र एकाच्याही हातात नव्हतं. आम्ही मल्टिमीटर चिकटपट्टीने हँडलला बांधला. सपाटीवर ३७ व्होल्ट. चढ लागला, ३५, ३३, ३१ आणि बंद. थांबलं की पुन्हा ३७. म्हणजे कंट्रोलर गेलेला नव्हता, तो इमानाने राखण करत होता. व्होल्ट ठरलेल्या मर्यादेखाली गेले की बॅटरी वाचवायला तो वीज तोडतो. मग प्रश्न असा की व्होल्ट पडतात का? तीन बॅटऱ्या, मीटर एक. म्हणून तोच चढ तीनदा चढलो, दर वेळी वेगळ्या बॅटरीला मीटर लावून. पहिली ११.६. दुसरी ११.५. तिसरी... ८.३! उभ्या सायकलीवर ही तिसरीसुद्धा बाकीच्या दोघींसारखेच साडेबाराच्या आसपास व्होल्ट दाखवत होती. ओझं पडलं की कोसळत होती. दुकानदाराने तिघी नव्या म्हणून दिल्या होत्या, त्यात एक कधीची पडून असलेली निघाली. बॅटरी बदलली, चढ संपला. पाचशे वॅटची मोटार, नवा कंट्रोलर आणि मामांचं परराष्ट्र धोरण, सगळ्याचा खर्च वाचला.

मग वाटेच्या सोळा फेऱ्या मारून त्या नव्या बॅटरीसह किती अंतर जातं ते मोजलं. तेच ते १९.२ किलोमीटर. शेवटची फेरी मी मारली. १८९६ साली अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर नावाचे गृहस्थ आपली वाफेची सायकल ट्रॅकवर चाचणीसाठी पळवत असताना हृदय बंद पडून गेले, तेव्हा त्यांचं वय ७२ होतं. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे हे आमच्या घरात कुणी सांगू नये.

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, बाजारात कंपनीची इलेक्ट्रिक सायकल मिळते, ती घ्या. ज्याला फक्त शाळेत जायचं आहे त्याने जरूर घ्यावी, ती यापेक्षा सुरक्षितही असेल. आपल्याकडच्या किती घरांनी लूनावर संसार केला! १९७२ साली ती आली तेव्हा तिलाही पायडलं होती, आणि ती कुणी घरी बनवत बसलं नाही. पण ज्या पोराला उद्या अशा वस्तू बनवायच्या आहेत, त्याने तिसऱ्या बॅटरीला कुठे गाठायचं? वर्गात? वर्गातली प्रयोगवही मी पाहिली आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मला पर्यवेक्षक म्हणून बसवत. चाळीस पोरांची रीडिंगं एकसारखी, उत्तर पुस्तकातल्या उत्तराला तंतोतंत मिळणारं. ज्याचं वेगळं यायचं तो शेजाऱ्याचं पाहून खोडायचा, आणि खोडलेल्या वहीचे गुण जायचे. वेगळं का आलं, हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. आठवीपासून बारावीपर्यंत पाच वर्षं आपण पोरांना शिकवतो की मापन आधीच ठरलेलं असतं. मग मोठेपणी त्यातला कुणी व्यासपीठावरून ८० किलोमीटर म्हणाला तर नवल काय?

दुसऱ्या बाजूचे लोकही आहेत. त्यांचं म्हणणं, मुलांना असलं करूच देऊ नये, एखादा पडला तर? त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे, निदान ते पडण्याचा विचार तरी करतात. पण माझं त्यांना सांगणं असं की न तपासता नाचवलेली सायकल धोक्याची आहे. वही धरून तपासलेल्या सायकलीने आमच्या पोराला वेग वीसवर बांधायला लावला, जे तुमच्या-माझ्या उपदेशाने सात जन्मांत झालं नसतं.

मी प्रदर्शनाच्या आयोजकांना लेखी सूचना दिली आहे. चालणारी वस्तू मैदानावर, ओझं घालून, परीक्षकासमोर चालवून पाहावी. पुठ्ठ्याच्या तक्त्यांना आणि थर्माकोलला जे गुण आहेत त्यातले निम्मे काढून बिघाडांच्या वहीला द्यावेत. आणि परीक्षकाने प्रत्येकाला एक तरी प्रश्न विचारावा, ‘काय बिघडलं आणि कसं सापडलं?’ ज्याला सांगता येईल त्याने बनवलं आहे, ज्याला येणार नाही त्याच्या वडिलांनी विकत आणलं आहे. दोन महिने झाले, उत्तर नाही. वर्तमानपत्राला ८० च्या जागी १९.२ छापा असं पत्र पाठवलं होतं, तेही अजून आलेलं नाही.

दरम्यान सायकलला नवीन दुखणं लागलं आहे. सतरा ते एकोणीसच्या वेगात मागून टक्-टक् असा आवाज येतो, त्याच्या वर आणि खाली बंद. पायडल न मारताही येतो, म्हणजे चेन सुटली. वीज बंद करून उतारावर सोडली तरी येतो, म्हणजे मोटारीची वीजही सुटली. मडगार्डचे स्क्रू आवळून झाले, काही फरक नाही. स्टँडवर चाक फिरवलं तर आवाज नाही, वर माणूस बसलाच पाहिजे. पोराचा संशय मागच्या तारांवर आहे, एखादी सैल असावी म्हणतो. माझा बॅटरीच्या पेटीच्या खालच्या पट्टीवर आहे. शनिवारी आधी तारा आवळायच्या, पेटीला हात लावायचा नाही, असं ठरलं आहे.